काकींना दिसणारा रंग

काकींच्या गॅरेजला शटर एकच होतं आणि त्या शटरआड धंदे दोन. पुढच्या, उजेडाच्या भागात काकींचे यजमान शिवणयंत्र घेऊन बसत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मागे, जिथे फरशी तेल पिऊन पिऊन काळी झाली होती, तिथे काकींचं राज्य. पँट शिवायला आलेल्या माणसाला इंजिनाची घरघर ऐकत माप द्यावं लागे, आणि गाडी घेऊन आलेल्याला चिंध्यांचे ढीग चुकवत आत शिरावं लागे. बटणं पान्यांच्या खणात सापडत, नटबोल्ट बटणांच्या डब्यात. एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोटाच्या खिशात एकदा वॉशर निघाला. तो बिचारा परत द्यायला आला, तर मास्तर म्हणाले, "ठेवा तुम्हालाच, अस्तराबरोबर फुकट आहे."

गॅरेज मूळचं काकींच्या सासऱ्यांचं. मुलगा लहानपणापासून ग्रीसला नाक मुरडायचा, त्यामुळे आपल्यामागे हे सगळं भंगारात जाणार हे म्हाताऱ्याने मनाशी धरून ठेवलं होतं. सून दुपारचा चहा घेऊन मागे जायची आणि कप रिकामा होईपर्यंत उभी राहायची. एक दिवस तिने विचारलं, "मामंजी, हे सगळे प्लग तर सारखेच दिसतात, मग वेगवेगळे मांडून का ठेवता?"

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला, हात पुसले आणि तिला समोरच्या स्टुलावर बसवलं. त्या दिवशीचा चहा गार झाला.

"इंजिनाच्या पोटात पेट्रोल पेटतं ते ह्याच्या ठिणगीने," ते म्हणाले. "म्हणजे आत काय चाललंय ते डोळ्यांनी पाहून बाहेर येणारा हा एकटाच. त्याचं तोंड बघायचं. हा टोकाचा चिनीमातीचा भाग आहे ना, तो बिस्किटाच्या रंगाचा असला तर सगळं ठीक. कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. काळा आणि वर तेलकट ओला असेल तर समज, पिस्टनच्या रिंगा गेल्या. आणि पांढरा पडला असेल तर मात्र हातातलं काम टाकून आधी ती गाडी थांबवायची. पांढरा म्हणजे आत हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि इंजिन तापाने फणफणलंय."

पुढे म्हातारा गेला, सुनेची काकी झाली, आणि तिच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा तिला काकीच म्हणू लागले. बाकीचं काम काकी इतरांसारखंच करत. पण प्लग बघावेत ते काकींनीच, असं त्या भागात मानलं जायचं. कुठे गाडी अडखळली, पेट्रोल जास्त खाऊ लागली, चालू व्हायला कुरकुर करू लागली, की लोक आधी काकींकडे यायचे. काकी प्लग सोडवायच्या, बोटांत धरून डोक्यावरच्या दिव्याखाली फिरवायच्या आणि दोन वाक्यांत निदान सांगायच्या. काढलेले जुने प्लग त्या फेकत नसत. पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये मांडून ठेवत, प्रत्येकाला गाडीवाल्याच्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधून. दोरा अर्थात मास्तरांचा.

काकींच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक टॅक्सीवाला होता. त्याला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नसायचा. घाईत असलेला प्रवासी त्याच्या टॅक्सीत बसला की बापड्याचे हाल. टॅक्सी जुनी, पण आरशासारखी ठेवलेली. एक दिवस तो तक्रार घेऊन आला. "काकी, चढावर दम लागतोय हिला. आणि काटा तापाकडे झुकतो."

काकींनी प्लग काढले. दिव्याखाली धरले. चारही बिस्किटी रंगाचे.

"तब्येत उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "हे पंपावरचं पेट्रोल आहे. पंप बदला."

नवे प्लग बसवून, त्यांची फट पातळ पट्टीने तपासून काकींनी त्याला वाटेला लावलं. जाताना सावकाशने नेहमीप्रमाणे मास्तरांना हात केला. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यांनी मान हलवली. काकींच्या लेखी तो विषय तिथे संपला.

मग एका सकाळी दुसऱ्या टॅक्सीवाल्याने सावकाशची गाडी दोरीने ओढत आणली. स्वतः सावकाश बरोबर नव्हता.

"तो कुठाय?" काकींनी विचारलं.

"दवाखान्यात. मनगट मोडलंय," आणणारा म्हणाला. मग त्याने गाडीच्या टपावर कोपर टेकून सगळं सांगितलं. डोंगराच्या रस्त्यावर, सगळ्यात उभ्या चढावर इंजिनातून ठणका आला आणि ते बंद पडलं. मागच्या सीटवर एक बाई, कडेवर तान्हं मूल. गाडी मागे घसरायला लागली. सावकाशने हँडब्रेक ओढला, तो धड धरेना. "उतरा, उतरा," असं ओरडून त्याने त्या बाईला उतरवलं आणि स्वतः दगड उचलून चाकाखाली घालायला धावला. दगड घातला, गाडी थांबली; पण तो स्वतः हातावर पडला. गाडीच्या मागे हातभर अंतरावर कठडा संपलेला होता.

काकी ऐकत होत्या. हातातलं फडकं त्यांनी घट्ट पिळून धरलं होतं, जणू त्यातून पाणी निघणार होतं.

"सावकाश सगळ्यांना सांगतोय, पंपावरच्या पेट्रोलने घात केला," तो माणूस पुढे म्हणाला. "दवाखान्यात जायच्या आधी पंपवाल्याशी भांडायला निघाला होता. आम्हीच अडवला."

काकींनी त्याच दिवशी इंजिन उघडलं. वरचं झाकण उचललं, खाली पाहिलं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. तिसऱ्या पिस्टनच्या माथ्याला आरपार भोक पडलं होतं, शर्टाच्या बटणाएवढं, कडा वितळून मेणासारख्या ओघळलेल्या. असं भोक पेट्रोलच्या भेसळीने एका दिवसात पडत नाही. कित्येक दिवस आत आग आग होत राहिली की पडतं. आणि ते प्लगवर दिसतं. दिसायलाच हवं.

त्यांनी ट्रेमधून सावकाशचे जुने प्लग शोधून काढले. चिठ्ठी वाचली. पुन्हा दिव्याखाली धरले. बिस्किटी. अगदी डब्यातून काढलेल्या बिस्किटासारखे.

काकींना काही कळेना. म्हणून पिस्टन, सिलिंडरचा ठोकळा आणि तिसऱ्या सिलिंडरचा जुना प्लग असं सगळं हातगाडीवर घालून त्या लेथवाल्याकडे गेल्या. लेथवाला गल्लीच्या टोकाला. सिलिंडर घासून परत गोल करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि थट्टा करण्यातही.

त्याने पिस्टनच्या भोकातून काकींकडे पाहिलं. "दुर्बीण छान आहे. काय पाहिजे, सिलिंडर का?"

"सिलिंडर नंतर. आधी हा प्लग बघा. असा प्लग असताना पिस्टन जळतो कसा?"

लेथवाल्याने प्लग खिडकीपाशी नेला. चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिला. "कसा म्हणजे? हा असा आहे म्हणूनच जळला. पांढराफटक पडलाय. वर ॲल्युमिनियमचे कणही उडालेत."

"थट्टा नको," काकी म्हणाल्या. "त्याचा हात मोडलाय."

"मी थट्टा करत नाहीये, काकी."

त्याचा आवाज असा उतरलेला काकींनी आजवर ऐकला नव्हता. त्यांनी प्लग त्याच्या हातातून जवळपास ओढून घेतला, खिडकीत धरला. "हा बिस्किटी आहे. तुमच्या खिडकीची काच घाण आहे."

लेथवाल्याने कपाटातून नव्या प्लगचं खोकं काढलं, कागद फाडून एक कोरा प्लग बाहेर काढला आणि काकींच्या दुसऱ्या हातात ठेवला. नव्या प्लगची चिनीमाती पांढरी असते. जगातल्या सगळ्या नव्या प्लगची असते. काकींनी आयुष्यात हजारो नवे प्लग बसवले होते. पण नव्याच्या रंगाकडे कोण बघतं? नव्याची फट मोजायची आणि बसवायचा.

"ह्याचा रंग काय दिसतो तुम्हाला?" त्याने विचारलं.

काकींनी एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या. दोन्ही प्लगची तोंडं एकाच रंगाची होती. बिस्किटी.

लेथवाल्याने दोन्ही प्लग काढून घेतले आणि स्टूल पुढे सरकवलं, पण त्या बसल्या नाहीत. "पाणी देऊ?" त्याने विचारलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते त्यालाही कळलं नाही. लेथ मागे नुसताच फिरत होता. तो बंद करायचं त्यालाही सुचलं नव्हतं.

गॅरेजमध्ये परतल्यावर काकींनी मास्तरांसमोरच्या दोऱ्याच्या रिळांतून एक रीळ उचललं. "अहो, हा दोरा कोणत्या रंगाचा?"

"पांढरा."

"आणि हा?"

"तो मलई रंगाचा," मास्तर म्हणाले. मग त्यांनी मशीनवरचा पाय काढला. "का गं? तू गेलं वर्षभर पांढऱ्याला पिवळट म्हणतेस, मला वाटायचं मला चिडवतेस."

"मी कशाला चिडवेन?"

"आता ते मी कसं सांगू? तीस वर्षं तेच करत आलीस."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईने काकींची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि प्रकाशाची फट डोळ्यात घातली. बाई बराच वेळ पाहत राहिली. "आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगलाच तपकिरी झालाय."

एरवी 'आजी' म्हटल्याबद्दल काकींनी तिला सरळ केलं असतं. त्या दिवशी ते ऐकूही आलं नाही. "पण मला तर दिसतं," त्या म्हणाल्या. "सुईत दोरा नाही ओवता येत, ते वयामुळे. बाकी सगळं दिसतं."

"दिसतं हो. पण चहाच्या रंगाच्या काचेतून पाहिल्यासारखं दिसतं. काच एका दिवसात बसवली असती तर लगेच कळलं असतं. ही वर्षानुवर्षं थोडी थोडी रंगत गेली. मेंदूला सवय होते. निळा आणि पांढरा हे आधी जातात." डॉक्टरीणबाईने दिवा बाजूला केला. "तुम्ही काय काम करता?"

काकींबरोबर आलेले मास्तर म्हणाले, "रंग बघण्याचं."

ऑपरेशनची तारीख मिळाली. पण त्याआधी काकींना एक काम करायचं होतं आणि त्याला मास्तरांना बरोबर न्यायचं नव्हतं. त्या एकट्याच सावकाशच्या घरी गेल्या.

दार त्याच्या बायकोने उघडलं. तो आतल्या खोलीत खुर्चीत बसला होता, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. काकींना पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला. "या, काकी. बरं झालं आलात. पंपवाल्याला मी सोडणार नाही. तुम्ही फक्त साक्षीला या, पेट्रोल खराब होतं म्हणून सांगा."

काकी उभ्याच राहिल्या. वाटेत त्यांनी मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं, कुठून सुरू करायचं ते. त्यातला एक शब्द आठवेना.

"पेट्रोल खराब नव्हतं," त्या म्हणाल्या. "प्लग पांढरे पडले होते. कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधलं गास्केट तडकलंय, तिथून जास्तीची हवा आत जात होती. मी ते त्याच दिवशी ओळखायला हवं होतं. मला प्लग पांढरे दिसले नाहीत. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मला माहीत नव्हतं."

सावकाश बघत राहिला. त्याच्या बायकोच्या हातात पाण्याचा ग्लास होता, तो तिने काकींना द्यायचा की नाही हे ठरेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"म्हणजे तुम्हाला दिसत नव्हतं," तो म्हणाला.

"दिसत होतं. चुकीचं दिसत होतं."

"आणि तुम्ही अगदी ठाम सांगितलंत. पंप बदला म्हणून."

"हो."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग सावकाश अगदी हळू आवाजात म्हणाला, "त्या बाईच्या कडेवर मूल होतं, काकी. मी पंपवाल्याला चारचौघांत खुनी म्हणालो."

काकींनी त्याच्या बायकोच्या हातातला ग्लास घेतला, पाणी पिऊन टाकलं आणि तो रिकामा ग्लास परत दिला. "गाडी मी पुरी करून देईन, माझ्या खर्चाने. प्लग मात्र तुम्ही दुसऱ्या कोणाला दाखवा," एवढं सांगून त्या बाहेर पडल्या.

पहिलं ऑपरेशन डाव्या डोळ्याचं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा काकींनी आधी समोरची भिंत पाहिली आणि नर्सला विचारलं, "रंग कधी दिला? काल तर असा नव्हता." नर्स हसली. तिला हे पाठ होतं.

मास्तर बाहेर बाकावर बसले होते. काकी त्यांच्यासमोर येऊन थबकल्या. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती आणि आतून बनियन दिसत होता.

"अहो, हा बनियन निळा का आहे?"

"निळा नाही, पांढराच आहे. तू रोज म्हणायचीस कपडे पिवळे पडतात, नीट धूत नाही मी. म्हणून नीळ घालत गेलो. रोज थोडी जास्त."

"वर्षभर?"

"वर्षभर. लोक हसायचे. मी म्हटलं, बायकोची आवड आहे."

"आणि केस? एवढे पांढरे कधी झाले?"

"ते लग्नानंतर लगेच," मास्तर म्हणाले.

काकींना हसू यायला हवं होतं. आलंही, पण अर्ध्यावर त्याचं काहीतरी भलतंच झालं. मास्तरांनी त्यांचा हात धरला आणि तसेच दोघे रस्त्यावर आले. रस्त्यावर आभाळ होतं. काकी वर बघत उभ्या राहिल्या तेव्हा मागून येणाऱ्या माणसाला त्यांना वळसा घालून जावं लागलं.

गॅरेज उघडल्याबरोबर काकी ट्रेपाशी गेल्या. डॉक्टरीणबाईने धुळीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं; मास्तरांनी आठवण करून दिली, ती वाया गेली. त्यांनी ट्रे पुढच्या भागात, उजेडात, मास्तरांच्या कापण्याच्या टेबलावर ठेवला. डावा डोळा हाताने झाकला. काळे सोडले तर सगळे प्लग बिस्किटी, एकासारखे एक. मग हात उचलला आणि उजवा डोळा झाकला.

ट्रे बदलून गेला. कुठे खरोखरचा बिस्किटी रंग होता, कुठे राखेचा करडा, कुठे फिकट मातकट. आणि त्यांच्यामध्ये, विखुरलेले, पांढरे. चुन्यासारखे पांढरे. एकावर चिठ्ठी होती बेकरीवाल्याच्या व्हॅनची. एक होता शेजारच्या गल्लीतल्या नर्सबाईच्या गाडीचा. ती रोज मुलांना मागे बसवून शाळेत सोडायची. त्यांनी हात बदलला, पुन्हा बदलला. एका डोळ्याने सगळं ठीक, दुसऱ्याने हे. प्रत्येक प्लग त्यांनीच काढलेला, प्रत्येक चिठ्ठी त्यांच्याच हातची, आणि पांढऱ्या प्लगच्या प्रत्येक गाडीला त्यांनी 'तब्येत उत्तम' म्हणून रस्त्यावर सोडलेलं.

त्या खुर्चीत बसल्या. "मी किती जणांना पाठवलं हो असं," त्या म्हणाल्या. मास्तरांनी पांढरे प्लग वेचून एका बशीत ठेवले. शिंप्याची नजर, त्यांना विचारावं लागलं नाही.

"चिठ्ठीवर नुसती नावं आहेत," काकी म्हणाल्या. "हे लोक राहतात कुठे?"

"ते माझ्याकडे," मास्तर म्हणाले. त्यांनी पहिली चिठ्ठी वाचली. "हा. छत्तीस कंबर, उजवा खांदा उतरलेला, बाजाराच्या मागे राहतो. हा दुसरा, पोट सुटलंय पण मानत नाही, पाण्याच्या टाकीपाशी." असं करत त्यांनी सगळी माणसं कंबरेवरून ओळखली, टोपी घातली आणि निघाले. गॅरेज सोडून मास्तर कधी कोणाकडे गेल्याचं काकींना आठवत नव्हतं.

पुढचे काही दिवस काकींच्या दारात गाड्या येत राहिल्या. लेथवाला आपलं काम बंद ठेवून शेजारी उभा राहायचा. काकी प्लग काढायच्या, डाव्या डोळ्याने बघायच्या, रंग सांगायच्या. मग तो बघायचा आणि रंग सांगायचा. दोघांचं एक झालं तरच पुढे. बेकरीवाल्याच्या व्हॅनचे प्लग अजून पांढरेच होते. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात कचरा अडकला होता. साफ केला, पिस्टन वाचला. नर्सबाईच्या गाडीला चुकीच्या जातीचे, जास्त तापणारे प्लग बसले होते, आणि ते काकींनीच बसवले होते. नर्सबाईने ते ऐकून मागच्या सीटवरची दप्तरं उचलून मांडीवर घेतली आणि काम होईपर्यंत तशीच बसून राहिली. एका माणसाने आपली गाडी कधीच विकून टाकली होती. कोणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. आणखी एकजण अंगणात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला आणि निघून गेला. काकींनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं. तो गेल्यावर लेथवाल्याने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

सावकाशच्या इंजिनात नवा पिस्टन पडला, सिलिंडर घासून झाला, तडकलेलं गास्केट बदललं, हँडब्रेकची तारही नवी आली. प्लास्टर निघाल्यावर तो गाडी घ्यायला आला. मनगट अजून सुजलेलं होतं. त्याने गाडी चालू केली, बराच वेळ आवाज ऐकला आणि मग शेजारचं दार आतून उघडलं.

"बसा, काकी."

"कुठे जायचंय?"

"त्याच चढावर."

मास्तरांनी मशीन थांबवलं. काकींनी कामाचा कोट तसाच अंगावर ठेवला, प्लगचा पाना आणि एक फडकं बरोबर घेतलं आणि बसल्या. चढ सुरू झाला तेव्हा काकींनी दाराची कडी हाताने धरली. इंजिन एकसारखं खेचत होतं, काटा मधोमध उभा होता. मग तो कठडा संपलेला भाग खिडकीतून सरकत गेला. ती जागा त्यांनी मनात कितीदा पाहिली होती. प्रत्यक्षात ती त्याहून अरुंद होती. खाली दरीत झाडांचे शेंडे दिसत होते, लहान आणि स्पष्ट.

माथ्यावर सपाट जागा होती. सावकाशने तिथे गाडी उभी केली आणि बॉनेट उघडलं. "काढा प्लग."

"आत्ता नाही. गरम असताना काढला तर आटे खरवडतात. निवू द्यावं लागतं."

मग ते दोघं रस्त्याकडेच्या दगडावर बसून इंजिन निवायची वाट पाहत राहिले. वारा होता. सावकाशने मनगट चोळत सांगितलं की तो पंपवाल्याकडे जाऊन आला. "माफी मागितली. तो म्हणाला, चहा घे. घेतला."

"चांगला माणूस आहे," काकी म्हणाल्या.

"तुम्ही त्याच्याबद्दल मला भलतंच सांगितलं होतं."

"हो. मीही जाऊन आले त्याच्याकडे."

सावकाशने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मला राग आलाय, काकी. अजून आहे. पण तुम्ही घरी येऊन सांगितलंत तेव्हापासून मी एकच विचार करतोय. तीसेक वर्षं गाडी चालवतो, रोज पुसतो, आणि आत काय चाललंय ते मला ठाऊक नाही. तुम्ही सांगाल ते खरं. तुमचा डोळा गेला तर मग माझं काय?" त्याने पाना उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "मला शिकवा काय बघायचं ते."

काकींनी बॉनेटपाशी जाऊन हाताचा मागचा भाग इंजिनाला लावून पाहिला. निवलं होतं. प्लगवरची टोपी ओढून काढली, पाना बसवला. पण फिरवला नाही, बाजूला सरकल्या. "तुम्ही सोडवा. जोर नको. सुटल्यावर बोटांनी फिरवा."

प्लग बाहेर आला. सावकाशने तो उजेडात धरला, मासा धरावा तसा, निसटेल म्हणून. काकींनी मुद्दाम तोंड दुसरीकडे केलं.

"काय दिसतं?"

"तुम्ही सांगा ना."

"मी नाही सांगणार. आधी तुम्ही सांगा. हे टोक बघा, चिनीमातीचं."

तो बराच वेळ बघत राहिला. प्लग फिरवला, पुन्हा फिरवला, अंगठ्याने पुसायला गेला तशी काकींनी "पुसू नका" म्हटलं. "फिकट आहे," शेवटी तो म्हणाला. "पण पांढरा नाही. थोडी मातीची झाक आहे. कडेला जास्त."

काकी वळल्या. उजवा डोळा मिटून त्यांनी तो प्लग त्याच्या बोटांतच पाहिला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता पुढचा काढा."